सरोवराची प्रदक्षिणा



तळे म्हटले की बडोदेकरांच्या डोळ्यांसमोर सुरसागर उभा राहतो, हैदराबादकरांच्या समोर हुसेनसागर, आणि बेळगावकरांच्या समोर किल्ल्याजवळचा तलाव. ऊन कलल्यावर निघावे, पाण्याच्या कडेने फिरून यावे आणि दिवेलागणीला घरी परतावे, असा या तळ्यांचा आपला परिचय असतो. आज मी ज्या तळ्याविषयी बोलणार आहे, त्याच्या भोवती मोटारसायकलने एक फेरी मारावयाची तर नऊ-दहा दिवस लागतात. अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि कॅनडा या दोन देशांच्या सीमेवर पसरलेले हे सुपीरियर सरोवर होय. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ८२,१०० चौरस कि.मी. आहे, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याहून थोडे अधिकच. त्याची कमाल खोली ४०६ मीटर असून, त्यात आलेले पाणी वाहून बाहेर पडण्यास सरासरी १९० वर्षे लागतात असे शास्त्रज्ञ सांगतात. पृष्ठभागाच्या विस्ताराने पाहता, गोड्या पाण्याचे इतके मोठे सरोवर जगात दुसरे नाही.

एवढ्या दूरच्या तळ्याची चर्चा आपण का करावी, असे कोणी विचारील. त्याचे एक कारण घरगुती आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले, पुतणे, भाचे आज शिकागो, मिनियापोलिस, टोरांटो या शहरांत नोकरीस आहेत. एखाद्या रविवारी दूरध्वनीवरून बातमी येते की, चिरंजीव मित्रांसह मोटारसायकलने सरोवराला वळसा घालण्यास निघणार आहेत. मग आईचा जीव खालीवर होतो आणि वडील नकाशा उघडून बसतात. त्या वडिलांना नकाशात काय पाहावे हे कळावे, आणि चिरंजीवांना बेत आखताना काय विसरू नये हे समजावे, एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

पहिला प्रश्न असा की, फेरी कोणत्या दिशेने करावी? आपल्याला या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागत नाही. देवाला उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घालावयाची, हे आपण लहानपणीच शिकलेलो असतो. इंदूरकडील श्रोत्यांना तर नर्मदेची परिक्रमा ठाऊकच आहे. तिच्यातही नदी उजव्या हाताला असावी असा नियम आहे. योगायोग असा की, सुपीरियर सरोवराच्या बाबतीत हीच दिशा व्यवहारालाही सोयीची ठरते. त्या देशांत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. त्यामुळे सरोवर उजवीकडे ठेवून निघालेला स्वार नेहमी पाण्याच्या जवळच्या कडेने जातो. एखादे दृश्य पाहण्यास थांबावयाचे असेल, तर समोरून येणाऱ्या मालमोटारींची रांग छेदून त्याला पलीकडे जावे लागत नाही. ज्याचा हात उभा जन्म डाव्या बाजूने वाहन हाकण्यास सरावलेला आहे, त्याला परक्या देशात सर्वांत मोठा धोका असतो तो अशा डावीकडच्या वळणांवर. प्रदक्षिणेच्या दिशेने निघाल्यास ही वळणे पुष्कळच कमी होतात.

आता मार्ग पाहू. मिनेसोटा राज्यातील डुलुथ हे सरोवराच्या पश्चिम टोकाचे बंदर. येथून निघावे आणि ईशान्येकडे किनाऱ्याकिनाऱ्याने कॅनडाच्या हद्दीत शिरून थंडर बे हे शहर गाठावे. हे अंतर सुमारे ३०० कि.मी. आहे. वाटेत उंच कड्यावर स्प्लिट रॉकचे दीपगृह लागते. १९०५ च्या नोव्हेंबरातील वादळाने या भागात जहाजांचा मोठा संहार केला. त्यानंतर हे दीपगृह बांधण्याचे ठरले आणि १९१० साली त्याचा दिवा लागला. थंडर बेपासून निपिगॉन, टेरेस बे, मॅरेथॉन, व्हाइट रिव्हर, वावा अशी गावे घेत सू सेंट मेरी येथे यावे. हे अंतर सुमारे ७०० कि.मी. तेथे पूल ओलांडून पुन्हा अमेरिकेत शिरावे, आणि मिशिगन व विस्कॉन्सिन या राज्यांतून सरोवराच्या दक्षिण काठाने पश्चिमेकडे डुलुथला परतावे. किनाऱ्याची वळणे-वळसे धरून सगळी फेरी सुमारे २,१०० कि.मी. भरते.

हे वर्तुळ फार जुने नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. वावाच्या आसपासचा किनारा इतका खडकाळ आणि दुर्गम की, तेथून रस्ता नेण्यास फार काळ लागला. ज्या वर्षी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले त्याच वर्षी, म्हणजे १९६० च्या सप्टेंबरात, हा उरलेला दुवा पुरा झाला. आणि सू सेंट मेरीचा आंतरराष्ट्रीय पूल १९६२ साली खुला झाला. वावा गावाची एक गंमत सांगतात. नवा रस्ता गावाच्या भर वस्तीला बगल देऊन गेला, तेव्हा वाटसरूंनी आत वळावे म्हणून गावकऱ्यांनी १९६० मध्येच हमरस्त्यालगत एका हंसजातीय पक्ष्याचा भलामोठा पुतळा उभारला. आज त्या पुतळ्याजवळ थांबल्यावाचून प्रवासी सहसा पुढे जात नाहीत.

कोणत्या ऋतूत निघावे, हा दुसरा प्रश्न. जूनच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ योग्य होय. त्याआधी, मे अखेर ते जून या दिवसांत, उत्तरेकडच्या अरण्यात चावऱ्या काळ्या माश्यांचे थवे असतात. आणि पुढे शरद ऋतूत वादळांचे दिवस सुरू होतात. परंतु उन्हाळा म्हणजे आपला उन्हाळा नव्हे. या पाण्याचे वर्षभराचे सरासरी तापमान सुमारे ४ अंश सेल्सिअस असते. वारा पाण्यावरून वाहू लागला की, भर जुलैतही किनाऱ्यावर हुडहुडी भरते. आणि तोच रस्ता दहा-वीस कि.मी. आत वळला की अंगातले कपडे नकोसे होतात. मोटारीत बसलेल्याला हा फरक जाणवत नाही. ताशी ९० कि.मी. वेगाने वाऱ्याला छाती देणाऱ्या स्वाराची मात्र बोटे बधिर होतात; आणि बधिर बोटांना ब्रेक दाबण्यास लागणारा अधिकचा क्षण कधी कधी जिवावर बेततो. म्हणून एकच जाड अंगरखा न घेता, सहज घालता-काढता येतील असे तीन-चार पातळ थर घ्यावेत. पावसाचा पोशाख सामानाच्या तळाशी न ठेवता सर्वांत वर ठेवावा. हातमोज्यांचा दुसरा कोरडा जोड जवळ असावा.

तिसरा प्रश्न दिवसांच्या हिशेबाचा. आणि माझ्या मते सगळ्या बेताचे मर्म येथेच आहे. हौशी मंडळी कागद-पेन्सिल घेऊन बसतात आणि २,१०० ला ४ ने भागतात. दिवसाला सव्वापाचशे कि.मी. येतात, रस्ता चांगला, वाहन दणकट, मग अडचण कोणती? अडचण अशी की, या भागाकारात पाऊस, धुके, पंक्चर आणि मनुष्याची पाठ यांना जागा राहत नाही. एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी त्याची भरपाई करण्याची घाई होते. मग अंधारात वाहन हाकणे आले, ओल्या रस्त्यावर वेग वाढवणे आले. फेरीचा मार्ग असा विलक्षण आहे की, निम्मी वाट संपल्यावर मागे फिरणे आणि पुढे जाणे यांत अंतराचा फरकच उरत नाही. मध्ये तर सरोवर पसरलेले; कोठून तरी जवळची वाट काढून घरी जावे, अशी सोय नाही.

नर्मदेची परिक्रमा करणारे चातुर्मासात एका गावी मुक्काम करतात. तो काळ वाया गेला असे कोणी मानीत नाही. थांबणे हा परिक्रमेचाच एक भाग असतो. हीच दृष्टी येथे ठेवावी. दहा दिवसांचा बेत असेल तर सात दिवस चालण्याचे आणि तीन दिवस मोकळे, असा हिशेब मांडावा. सात दिवसांत रोजचे ३०० कि.मी. होतात. मोकळे दिवस कोठे खर्चावयाचे ते आधी ठरवू नये. हवा बिघडेल तेथे ते खर्ची पडतील. एकही दिवस खर्ची पडला नाही, तर शेवटी तीन दिवस आनंदाने एका गावी राहावे. ज्याच्या गाठीस मोकळा दिवस आहे, त्यालाच वादळ पाहून थांबण्याची बुद्धी होते. ज्याच्यापाशी तो नाही, तो शहाणा असूनही निघतो.

थंडर बे हे शहर म्हणजे या प्रवासाचा उंबरठा समजावा. मोटारसायकलची दुकाने, मोठे रुग्णालय, सुटे भाग हे सर्व येथे आहे. यापुढे सू सेंट मेरीपर्यंत लहान गावांचीच सोबत. तेव्हा येथे एक संध्याकाळ राखून ठेवावी. टायर, चेन, तेल, ब्रेक आणि दिवे तपासावेत, पुढील दोन दिवसांच्या हवेचा अंदाज पाहावा, आणि शरीर थकले आहे काय हा प्रश्न स्वतःस प्रामाणिकपणे विचारावा. येथून माघार घेतली तर एका दिवसात डुलुथ गाठता येते. पुढे ती सवलत नाही.

या शहराबाहेर एक स्मारक आहे. ते अवश्य पाहावे. टेरी फॉक्स नावाच्या कॅनेडियन तरुणाचा पाय कर्करोगामुळे कापावा लागला होता. कर्करोगाच्या संशोधनासाठी निधी जमवावा म्हणून तो १९८० च्या एप्रिलमध्ये देशाच्या पूर्व टोकाहून कृत्रिम पायाने धावत निघाला. १४३ दिवसांत त्याने ५,३७३ कि.मी. अंतर तोडले. सुपीरियरच्या काठचा हाच डोंगराळ रस्ता तो धावला. आपला स्वार जेथून जाणार, तेथूनच तो उलट दिशेने आला. थंडर बेजवळ छातीत कळा येऊ लागल्या. रोग फुप्फुसात पसरल्याचे निदान झाले आणि १ सप्टेंबर १९८० रोजी त्याची धाव थांबली. पुढल्या वर्षी तो वारला. त्याच्या नावाने आजही अनेक देशांत धावण्याचे कार्यक्रम होतात आणि निधी जमतो. अर्ध्या वाटेवर थांबलेल्या मनुष्याचे हे स्मारक आहे, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

पुढचा रस्ता किती एकाकी आहे याची कल्पना एका घटनेवरून येईल. निपिगॉन नदीवरील नवा पूल नोव्हेंबर २०१५ मध्ये वाहतुकीस खुला झाला. १० जानेवारी २०१६ रोजी कडाक्याच्या थंडीत त्याच्या एका टोकाचा पृष्ठभाग सुमारे दोन फूट वर उचलला गेला आणि पूल बंद करावा लागला. कॅनडाचा पूर्व भाग आणि पश्चिम भाग यांना देशातल्या देशात जोडणारा रस्ता त्या जागी हा एकच. पर्याय काय, तर अमेरिकेतून वळसा! दुसऱ्या दिवशी एका बाजूने वाहतूक सुरू झाली आणि पुढे दुरुस्तीही झाली. परंतु दोन किनारे एका धाग्याने बांधलेले आहेत, हे त्या दिवशी सर्वांना कळले. अशा रस्त्यावर एखादा अपघात झाला तरी तासन्‌तास खोळंबा होतो. म्हणून पिण्याचे पाणी आणि एका वेळचे खाणे नेहमी जवळ असावे.

पेट्रोलच्या बाबतीत एकच सूत्र पाळावे: टाकी निम्मी झाली की ती रिकामी झाली असे समजावे. येथे एका गावापासून पुढचे गाव नव्वद-शंभर कि.मी. दूर, आणि एखादा पंप सायंकाळी लवकर बंद झालेला असतो. भ्रमणध्वनीचा संपर्कही लांब लांब टप्प्यांत तुटतो. यंत्रातला नकाशा ऐन वेळी मुका झाला तरी अडू नये म्हणून कागदी नकाशा खिशात असावा. उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे लहानसे उपकरण मिळते, ते घेतल्यास अधिक उत्तम.

मॅरेथॉन ते वावा या टप्प्यात रस्ता किनारा सोडून अरण्यात शिरतो, आणि सुमारे १९० कि.मी. सरोवराचे दर्शन होत नाही. वाटेत व्हाइट रिव्हर हे गाव लागते. १९१४ साली सैन्यात निघालेल्या एका पशुवैद्याने येथे अस्वलाचे एक पिलू विकत घेतले. ते पुढे लंडनच्या प्राणिसंग्रहालयात राहिले आणि मुलांच्या गोष्टींतील विनी-द-पू या जगप्रसिद्ध अस्वलाला त्याचेच नाव मिळाले. परंतु या अरण्यातला खरा सांभाळण्याजोगा प्राणी म्हणजे मूस. आपल्या सांबराच्या कुळातले हे जनावर घोड्याहून उंच असते आणि वजनाने चार-पाचशे किलो भरते. त्याचे पाय लांब, रंग काळपट, आणि डोके इतके वर की, वाहनाच्या दिव्याचा झोत कित्येकदा त्याच्या डोळ्यांपर्यंत पोहोचतच नाही. तिन्हीसांजेला आणि पहाटे ते रस्त्यावर येते. अशा वेळी मोटारसायकलची त्याच्याशी गाठ पडली, तर काय होईल ते सांगावयास नको. म्हणून सूर्यास्ताच्या तासभर आधी वाहन मुक्कामी लावावे. जून-जुलैत तेथे रात्री दहाच्या सुमारासही उजेड असतो. त्या उजेडाच्या मोहात पडून पल्ला वाढवू नये.

घड्याळ आणि फलक यांचाही नीट विचार करावा. मिनेसोटाहून कॅनडात शिरताना घड्याळ एक तास पुढे करावे लागते, आणि परतीच्या वाटेवर मिशिगनच्या पश्चिम टोकाशी ते पुन्हा मागे येते. म्हणजे पहिल्याच टप्प्यात एक तास हातचा जातो. कॅनडात वेगाचे आकडे कि.मी.मध्ये, तर अमेरिकेत मैलांत. अमेरिकेत घेतलेल्या वाहनावर मैलांचा काटा ठळक असतो. तेव्हा कॅनडातील ९० चा फलक पाहून काटा ९० वर नेणारा स्वार ताशी १४५ कि.मी. वेगाने धावू लागेल!

वावाच्या दक्षिणेस अगावा येथे सरोवरात उतरणाऱ्या एका खडकावर ओजिब्वे लोकांनी तांबड्या गेरूने काढलेली चित्रे आहेत. त्यांत मिशिपेशू नावाची शिंगे असलेली जलशक्ती आहे. पाणी शांत ठेवणे आणि खवळवणे तिच्या हाती, अशी त्या लोकांची श्रद्धा. चित्रे पाहण्यास पाण्याला लागून असलेल्या उतरत्या कातळावरून जावे लागते, म्हणून लाटा असतील तर तेथे पाऊल टाकू नये. ज्यांनी शतकानुशतके होड्यांतून या पाण्यावर वावर केला, त्यांनी त्याच्या लहरीचा मान ठेवला होता. आपण तर चार दिवसांचे पाहुणे.

पाण्याची लहर काय करू शकते, याची आठवण सू सेंट मेरीच्या पुढे व्हाइटफिश पॉइंट येथे मिळते. १० नोव्हेंबर १९७५ रोजी एडमंड फिट्झजेराल्ड हे लोहखनिज वाहणारे अवाढव्य जहाज वादळात सापडून बुडाले आणि त्यावरील २९ माणसांपैकी एकही वाचला नाही. व्हाइटफिशच्या उपसागराचा आसरा तेव्हा फार दूर नव्हता. १९९५ साली तळातून वर काढलेली त्या जहाजाची घंटा येथील संग्रहालयात ठेवली आहे.

दक्षिण काठाचा प्रवास तुलनेने सुखाचा. गावे जवळजवळ, जेवणाखाण्याची सोय चांगली. तथापि दोन गोष्टी ध्यानात धराव्यात. आता स्वाराचे तोंड पश्चिमेकडे आहे. दुपारनंतरचा सूर्य थेट डोळ्यांत येतो. म्हणून येथे पहाटे उजाडताच न निघता चांगले फटफटल्यावर निघावे आणि तिसऱ्या प्रहरीच थांबावे. दुसरे असे की, सेनी गावापासून पुढे रस्ता सुमारे ४० कि.मी. सरळ रेषेत जातो. वळणावळणाच्या रस्त्यावर मनुष्य सावध असतो. सरळ रस्त्यावर त्याला डुलकी येते. मोकळा दिवस शिल्लक असेल, तर होटनहून सरोवरात घुसलेल्या कीविनॉ द्वीपकल्पाच्या टोकापर्यंत, कॉपर हार्बरला, जाऊन यावे. एके काळी तांब्याच्या खाणींनी गजबजलेला हा प्रदेश. येथे १९७८-७९ च्या हिवाळ्यात एकूण ३९० इंच बर्फ पडल्याची नोंद आहे, म्हणजे ३२ फुटांहून अधिक!

कागदपत्रांचा विषय रुक्ष, पण टाळता येण्याजोगा नाही. भारतीय पारपत्रावर प्रवास करणाऱ्याला दोन्ही देशांची प्रवेश-अनुमती हवी; आणि अमेरिकेतून निघून पुन्हा अमेरिकेतच यावयाचे असल्यामुळे ती अनुमती एकाच प्रवेशापुरती नाही ना, हे आधी पाहावे. वाहनपरवान्यावर मोटारसायकलची नोंद असावी. वाहन भाड्याचे असेल, तर सीमा ओलांडण्याची लेखी परवानगी आणि दोन्ही देशांत चालणारा विमा मागून घ्यावा. ऑन्टॅरिओत शिरस्त्राण सक्तीचे आहे. मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन येथे प्रौढांवर ती सक्ती नाही, आणि मिशिगनने २०१२ साली ती काही अटींवर सैल केली. कायदा सीमेगणिक बदलतो, कवटी मात्र तीच राहते. म्हणून शिरस्त्राण सगळ्या वाटेवर डोक्यावर असावे.

आता घरी राहणाऱ्यांसाठी दोन शब्द. मुलाने निघण्यापूर्वी मुक्कामांची यादी घरी द्यावी, आणि रोज मुक्कामी पोहोचल्यावर एक निरोप धाडावा, असा करार करावा. दिवसा फोन लागला नाही तर घाबरू नये. तेथे तो लागतच नाही. परंतु रात्रीचा निरोप ठरल्या वेळी आला नाही, तर कोणास कळवावयाचे हेही आधी लिहून ठेवावे. आणि एखाद्या संध्याकाळी “आज निघालोच नाही, पाऊस होता” असा निरोप आला, तर “मग फेरी पुरी कशी होणार?” असे विचारू नका. चांगले केलेस, म्हणा. बेत नीट आखला गेला आहे, याची ती सर्वांत खात्रीची खूण आहे.